आडवाट, मोटार आणि एकटा माणूस

अमळनेरहून उत्तरेला, तापीच्या दिशेने निघाले की डांबरी सडकेच्या दोन्ही अंगांना गाडवाटा फुटतात. उन्हाळ्यात त्या पांढुरक्या आणि घोटाघोटा धुळीच्या असतात. आषाढात त्यांचा रंग काळा होतो आणि दोन-चार मोठ्या सरींनंतर त्या वाटा म्हणून उरतच नाहीत. याच वाटांनी पिढ्यान् पिढ्या कपाशी आणि दादर बाजारात आली, वऱ्हाडे गेली, आजारी माणसे दवाखान्यात आणली गेली. आज त्यांवरून मोटारसायकली, ट्रॅक्टर, पिकअप आणि अलीकडे चारही चाकांना जोर असलेल्या ऐटबाज गाड्या धावतात. वाहन बदलले याबद्दल उसासे टाकण्याचे काही कारण नाही. परंतु वाहनाबरोबर आणखी एक गोष्ट बदलली आणि तिच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. पूर्वी या वाटेने अगदी एकटा असा माणूस क्वचित जाई. आता तो बहुधा एकटाच जातो.

बैलगाडीवरही एकच गाडीवान असे, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे, पण तो एकटा नसे. दोन बैलांची सोबत ही केवळ मनाची समजूत नव्हती. पुढे दलदल असली की बैल थबकतो, हुंगतो, पाऊल उचलीत नाही. मारूनमुटकून नाल्यात घातला तरी पाण्याची खोली कळताच मान फिरवतो. आसाखाली ओंगणाचा नळा लोंबत असे, गाडीत चऱ्हाट, कंदील आणि पाण्याचे मडके असे. गाडीवानाला भोवळ आली, पान लागले किंवा तो वाटेत पडला, तर बैल ओळखीच्या चाकोरीने गाडी घेऊन घराकडे येत. रात्री अंगणात मालकावाचून गाडी येऊन उभी राहिली की घरातून हाक उठे आणि गल्लीतली माणसे कंदील घेऊन शिवाराकडे निघत. रिकामी गाडी हीच वर्दी होती. मोटारीत सगळे आहे, एवढी एक सोय नाही. ती जिथे बंद पडते तिथेच राहते आणि तिच्यासोबत तिचा चालकही राहतो.

प्रस्तुत लेखकाला हे पुस्तकातून कळलेले नाही. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी नोकरीच्या निमित्ताने विहिरीच्या कर्जांची पाहणी करीत तापीकाठच्या शिवारांतून हिंडावे लागे. आश्विनातली गोष्ट. दिवस मावळायला तासभर होता आणि सडकेने वळसा घालण्याऐवजी मी मोटारसायकल एका नाल्यातून पलीकडे काढण्याचे ठरवले. वरून माती सुकलेली दिसत होती. मधोमध पुढचे चाक पापडी फोडून आत गेले, गाडी आडवी झाली आणि माझा डावा पाय तिच्याखाली अडकला. हाड मोडले नाही. जखमही म्हणण्यासारखी नव्हती, गरम सायलेन्सरचा चटका तेवढा बसला. पण चिखलात टेकू मिळत नसल्यामुळे गाडी उचलता येईना आणि पाय सुटेना. अशा किरकोळ अवस्थेत मी चार तासांहून अधिक काळ पडून होतो. हाका मारून घसा बसला. शेवटी एक सालदार चुकलेले वासरू शोधीत तिथे आला. त्याने आधी माझ्याकडे व मग आभाळाकडे पाहिले आणि विचारले, “कथा चालना व्हतात साहेब, आठून?” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आणि ते माझ्याखेरीज कोणापाशीच नव्हते. कचेरीतल्या वहीत माझ्या नावापुढे ‘फिरती’ एवढाच शब्द होता आणि कचेरी सहाला बंद झाली होती. घरच्यांची समजूत, मी चोपड्याला मुक्कामाला राहिलो. त्या रात्री वरच्या अंगाला पाऊस झाला असता तर ही हकीकत सांगायला कोणी उरले नसते, आणि वासरू चुकले नसते तर सकाळपर्यंत कोणी शोधायला निघाले नसते.

आडवाटेवरच्या एकटेपणाचा धोका नेमका इथे आहे. सडकेवरच्या अपघातात माणूस वेगाने मरतो, म्हणून आपण वेगाबद्दल बोलतो, हेल्मेटबद्दल बोलतो आणि ते योग्यच आहे. आडवाटेवर वेग नसतो. तिथे अडकलेला पाय, रुतलेले चाक, संपलेले पाणी किंवा घसरलेली किल्ली अशा क्षुल्लक गोष्टी घडतात. दोघे असतील तर त्या रात्री ओट्यावर हसून सांगण्याजोग्या होतात. एकट्याच्या बाबतीत मात्र घड्याळ सुरू होते, आणि ते घड्याळ चालू आहे हे इतर कोणाला ठाऊक नसते.

आपल्या मुलखाची जमीनही या बाबतीत दगा देणारी आहे. तापीच्या खोऱ्यातल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट जातीचे खनिज असते. ते पाणी पिऊन फुगते आणि सुकताना आकसते. म्हणून वैशाखात तळहात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि श्रावणात तीच जमीन लोण्यासारखी होते. वरचा थर दोन दिवसांच्या उन्हाने वाळतो, खालचा आठवडाभर ओला राहतो. डोळ्याला टणक दिसते ते बोटभर जाडीचे कवच असते. टायरच्या खाचा या मातीने भरल्या की टायर गुळगुळीत होतो, मडगार्डात माती ठासून बसली की चाक फिरेनासे होते. चारही चाकांना जोर देणारी गाडी यातून सुटते अशी एक समजूत जाहिरातींनी पसरवली आहे. अशी गाडी रुतत नाही असे नव्हे. साधी गाडी ज्या ठिकाणी थांबली असती त्याच्या पुढे अर्धा मैल जाऊन ती रुतते, म्हणजे मदतीपासून तेवढीच लांब.

पाण्याचे भय याहून मोठे. वाहते पाणी वीतभर खोल असले तरी धडधाकट माणसाचे पाय उखडू शकते, फूटभर पाण्यात लहान मोटार तरंगू लागते आणि दोन फूट वेगवान पाणी बहुतेक वाहने ओढून नेते. मोटार जड असते म्हणून ती टिकेल हा हिशेब खोटा, कारण तिच्या पोटात हवा असते. खानदेशात नद्यांचे स्वरूपच असे की वर्षातले आठ-नऊ महिने पात्र कोरडे आणि उरलेल्या काळात काही तासांचा पूर. शिवाय आता नदी केवळ पावसाने वाढत नाही. हतनूरच्या ४१ दरवाजांपैकी काही उघडले की निरभ्र आकाशाखाली तापी फुगते, आणि तामसवाडीच्या धरणातून विसर्ग झाला की अमळनेरची बोरी. फरशीवर उभ्या असलेल्या एकट्या वाहनचालकाला वरच्या तालुक्यात काय घडले हे कसे कळावे? भरीस भर म्हणून वाळूउपशाने पात्रांची चाळण केली आहे. वडिलांनी दाखवलेला गुडघाभर पाण्याचा उतार यंदा दोन पुरुष खोलीचा डोह झालेला असू शकतो, आणि गढूळ पाण्यावरून तो ओळखता येत नाही. उतारावर आधी स्वतः काठी घेऊन चालून पाहावे, मग गाडी घालावी, हा जुना रिवाज होता. ज्या पाण्यात पायी उतरण्याचे धैर्य होत नाही त्यात गाडी घालू नये, हे त्या रिवाजात न सांगताच आले. पण काठी घेऊन पाण्यात उतरलेल्यालाही काठावर कोणीतरी लागतेच.

जानेवारी २०२१ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात घडलेली घटना अनेकांच्या स्मरणात असेल. फोनमधला नकाशा पाहत रात्री निघालेली एक मोटार पिंपळगाव खांड धरणाच्या फुगवट्यात बुडालेल्या पुलावरून सरळ पाण्यात गेली. तिघांपैकी दोघे निसटले, एकाचा अंत झाला. तो पूल वर्षातील काही महिने वापरात असतो आणि काही महिने पाण्याखाली जातो. गावच्या पोरालाही ठाऊक असलेली ही गोष्ट नकाशाला ठाऊक नव्हती. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ रामगंगेवरच्या तुटक्या, अपुऱ्या पुलावरून मोटार खाली कोसळून तिघे गेले, तिथेही फोनवरच्या नकाशाची चर्चा झाली. नकाशाला ऋतू कळत नाहीत. गाडवाट त्यावर बारीक रेषेने दाखवलेली असते. ती ज्येष्ठातली की भाद्रपदातली हे रेषेवरून कसे समजणार?

या फोनने एक वेगळाच भ्रम निर्माण केला आहे, तो म्हणजे आपण एकटे नाही हा. ११२ हा क्रमांक आहे, १०८ ची रुग्णवाहिका आहे आणि दोन्ही व्यवस्थांनी अनेकांचे प्राण वाचवले आहेत यात शंका नाही. पण पट्टीला दोन रेघा असताना केलेला हिशेब सातपुड्याच्या घळीत उतरल्यावर चालत नाही. उपग्रहावरून स्वतःचे ठिकाण ओळखायला फोनला मनोऱ्याची गरज नसते, म्हणून पडद्यावर निळा ठिपका दिसत राहतो आणि माणूस निश्चिंत होतो. मात्र तो ठिपका दुसऱ्याला कळवायचा तर मनोरा लागतोच. ‘मला माझे ठिकाण माहीत आहे’ आणि ‘माझे ठिकाण कोणाला तरी माहीत आहे’ या दोन वाक्यांतले अंतर कधी कधी एका आयुष्याएवढे असते. परदेशात वापरतात तशी उपग्रहाशी थेट बोलणारी यंत्रे आपल्याकडे परवानगीवाचून बाळगता येत नाहीत. सुरक्षिततेच्या कारणास्तव हा निर्बंध आहे आणि तो समजण्याजोगाही आहे. म्हणजे आपल्याला जुन्याच उपायावर, माणसाने माणसाला सांगून जाण्यावर, भिस्त ठेवावी लागणार.

सांगून न गेल्याने काय होते याचे एक उदाहरण अमेरिकेतले आहे. जुलै १९९६ मध्ये चौघांचे एक जर्मन कुटुंब कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅली या वाळवंटात भाड्याची गाडी घेऊन शिरले. ती गाडी एका ओसाड घळीत सापडली ऑक्टोबरात. माणसांचे अवशेष मिळायला २००९ साल उजाडले. चौघे असूनही ते एकटेच होते, कारण ते कोणत्या घळीत वळले हे जगात कोणाला माहीत नव्हते.

आपल्याकडे या प्रश्नाची दोन रूपे आहेत, आणि त्यांची गल्लत करू नये. एक रूप हौसेचे. नाशिक, सुरत, इंदूर, पुण्याहून शनिवारी-रविवारी जीपगाड्या घेऊन तोरणमाळकडे, यावल-पालच्या जंगलाकडे किंवा अनेरच्या खोऱ्याकडे निघणारे लोक वाढले आहेत. त्यांतले पुष्कळ जाणते असतात, जोडीने दोन गाड्या नेतात, दोर आणि फावडे बाळगतात. पण ‘एकट्याने केलेली सफर’ हीच ज्याची मिरवण्याची वस्तू असते, अशीही एक जात निपजली आहे. नदीच्या पात्रात गाडी घालायची, त्याचे चित्रण करायचे आणि लोकांना दाखवायचे. डिसेंबर २०२३ मध्ये हिमाचलात चंद्रा नदीतून जीप हाकणाऱ्या पर्यटकावर पोलिसांनी दंडाची कारवाई केली, तेव्हा लोकांना त्यात गंमत वाटली. यावल अभयारण्य १९६९ पासूनचे आहे, अनेर धरण अभयारण्य १९८६ पासूनचे, आणि अभयारण्यात परवानगीवाचून शिरणे कायद्याने वर्ज्य आहे. परवाना मागितला म्हणजे कोणीतरी आपली अडवणूक करते असे हौशी माणसाला वाटते. वस्तुतः नाक्यावरच्या वनरक्षकाने लिहून घेतलेला गाडीचा क्रमांक हीच त्या माणसाची सोबत असते. चोरवाटेने आत गेलेल्याला ती सोबत नसते. हौशी माणसाच्या बाबतीत फार सहानुभूती दाखवण्याची गरज नाही. त्याने सोबती घ्यावा किंवा घरी बसावे. तो अडकला की त्याला काढायला जी पावरा पोरे रात्री टेंभे घेऊन दरीत उतरतात, त्यांच्याही जिवाचे मोल आहे.

अडकल्यावर काय करावे, याविषयी ऑस्ट्रेलियातील लोकांचा अनुभव मोठा आहे. तिथला पहिला धडा असा की गाडी सोडू नये. डिसेंबर १९९८ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातील एअर सरोवराच्या काठी एका ऑस्ट्रियन जोडप्याची गाडी वाळूत रुतली. काही दिवसांनी दोघे पायी निघाले. त्यातला पुरुष परत फिरून गाडीपाशी गेला व वाचला. स्त्री पुढे चालत राहिली आणि सुमारे तीस किलोमीटरवर उन्हाने गेली. गाडी सावली देते, लांबून दिसते आणि शोधणारे आधी तिलाच शोधतात. तथापि हा धडा खानदेशात जसाच्या तसा गिरवून भागणार नाही. नदीपात्रात अडकलेल्याने गाडीपाशी बसून राहणे म्हणजे पुराची वाट पाहणे होय. तिथे गाडीचा मोह सोडून आधी काठ गाठला पाहिजे. दुसरे असे की आपल्याकडे माणसे विरळ नाहीत, वेळा विरळ आहेत. पौषात दादर उभी असताना कोणत्याही शिवारात हाकेच्या अंतरावर राखणदार सापडेल. वैशाखात शेते रिकामी असतात, पारा ४५ अंशांवर जातो, आणि सकाळी अकरापासून उन्हे उतरेपर्यंत शिवारात चिटपाखरू नसते. अशा उन्हात चालणाऱ्याच्या अंगातून तासाला लिटरभर पाणी घामावाटे जाऊ शकते. बाटलीतले घोटभर पाणी घेऊन ‘समोर दिसते त्या गावापर्यंत’ निघालेल्या माणसाने हा हिशेब केलेला नसतो. तापीकाठच्या घळींतून समोर दिसणारे गाव चालत जाताना वळशावळशाने दूरच होत जाते. झाडाची सावली धरून दिवस कलण्याची वाट पाहणारा बहुधा पोहोचतो.

दुसरे रूप पोटाचे आहे, आणि खरी चिंता त्याची वाटते. पहाटे दूध गोळा करणारा, बी-बियाण्यांच्या कंपनीचा पोरगा, कर्जवसुलीला हिंडणारा, वीज कंपनीचा वायरमन, गुरांचा डॉक्टर, अक्राणीच्या पाड्यावर बदली झालेला मास्तर, लसीकरणाला निघालेली आरोग्यसेविका. यांना सोबती घ्या म्हणणे सोपे आहे. सोबत्याचा पगार कोण देणार? १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या तेव्हा पंचायत समितीच्या जीपची मोठी थट्टा होत असे. परंतु त्या जीपमध्ये साहेब, चालक आणि बहुधा एखादा शिपाई अशी तीन माणसे असत. रुतली तर दोघे ढकलीत, तिसरा गावात जाई. साहेबांना आजही वाहन आहे. त्यांच्या हाताखालचा माणूस मात्र स्वतःच्या मोटारसायकलने, स्वतःच्या जोखमीवर, एकटा जातो. काटकसरीचा हा भाग कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही.

आणि शेतकरी? रात्री वीज येते म्हणून रात्री पाणी भरायचे. पेरणीची घाई म्हणून रात्री ट्रॅक्टर चालवायचा. मागची चाके चिखलात रुतली म्हणजे त्यांना लाकडाचा ओंडका बांधून, खालचा गियर टाकून क्लच सोडण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. चाके ओंडक्यामुळे फिरू शकत नाहीत तेव्हा इंजिनाचा जोर ट्रॅक्टरचे तोंडच उचलतो आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो मागे, चालकाच्या अंगावर उलटतो. उडी मारायला अवधी मिळत नाही. ट्रॅक्टर मागे घेऊन काढावा, चाकांपुढची माती खणावी, नाहीतर सकाळी दुसरा ट्रॅक्टर आणून ओढावा. पण रात्री एकट्याला घाई असते, आणि ‘थांब, सकाळी पाहू’ असे म्हणणारा जवळ कोणी नसतो. सोबत्याचा निम्मा उपयोग हात लावण्याचा, उरलेला हात धरण्याचा.

सरकारने काय करावे याची यादी लांबवण्यात अर्थ नाही. पाणंद रस्त्यांच्या योजना आहेत, त्या पुऱ्या व्हाव्यात. पण फरशी पुलांवर फुटाफुटाच्या खुणांचे खांब रोवायला योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. ग्रामपंचायतीला चुना आणि एक जुना रूळ पुरेल. धरणातून विसर्ग होतो तेव्हा इशारा नदीकाठच्या गावांना मिळतो. तो शिवारातल्या माणसापर्यंत जाण्यासाठी देवळावरचा भोंगा आहे. वननाक्यांवर आत गेलेल्या गाडीची नोंद होते, बाहेर आलेल्या गाडीशी ती ताडून पाहिली जावी.

आणि कचेऱ्यांनी? नवे काही करायला नको. प्रत्येक सरकारी-निमसरकारी कचेरीत ‘हालचाल नोंदवही’ नावाची एक वही असते. कर्मचारी कोठे गेला, किती वाजता गेला, कशासाठी गेला, हे तीत लिहायचे असते. ती निघाली हजेरीच्या शिस्तीसाठी, माणूस चहाला तर गेला नाही ना हे पाहण्यासाठी. तीच वही संध्याकाळी सहाला, कुलूप लावण्याआधी, एका माणसाने उघडून पाहिली आणि जो परतला नाही त्याच्या घरी फोन केला, तर पुष्कळ झाले. माझ्या त्या नाल्यातल्या संध्याकाळनंतर आमच्या कचेरीत काही महिने हे झाले. पुढे साहेब बदलले. त्या वहीत शेवटचा रकाना ‘परत आल्याची वेळ’ असा असतो. तो अजूनही बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्याचा त्याने, अंदाजाने भरला जातो.